प्लुटोच्या पुढे

“गुरू मीच होणार,” म्हणत रामकिसननं पेरू खिशात घातलासुद्धा.

“आधी बाहेर काढ तो,” मी म्हणाले. “आणि दात लागलेले दिसले तर तुला बुध करीन.”

वर्ग हसला. बुध म्हणजे मोहरीचा दाणा. त्याची जागा सूर्यापासून एकोणतीस मीटरवर, बरोबर हेडसरांच्या खोलीच्या दारात येत होती. सकाळभर तिथं हात बांधून उभं राहायचं, ही शिक्षा सातवीतल्या कुणालाही समजावून सांगावी लागली नाही. रामकिसननं निमूटपणे पेरू हातात धरला.

सूर्य आम्ही हौदाच्या कट्ट्यावर ठेवला होता. कोंबड्या झाकायचं डालगं आणि त्यावर हळदीत बुडवून वाळवलेलं जुनं धोतर. डालग्याचा व्यास मी स्वतः मोजला होता, सत्तर सेंटिमीटर. त्या मापानं पृथ्वी हरभऱ्याएवढी होत होती, शुक्र तुरीएवढा, मंगळ ज्वारीचा दाणा, शनी कांदा, युरेनस आणि नेपच्यून एकेक सुपारी. प्लुटो तेव्हा ग्रहच होता. त्याच्या वाट्याला राजगिऱ्याचा एक दाणा आला आणि तो शबानाच्या मुठीत होता.

ही १९९१ सालची गोष्ट. दिवाळीच्या सुटीआधीचा शेवटचा शनिवार होता, सकाळची शाळा होती. हिंगणवाडीची आमची शाळा सातवीपर्यंतच. मी तिथं विज्ञान आणि गणित शिकवत होते. अठ्ठावीस वर्षांची होते, तोंडानं फटकळ होते आणि आपल्याइतकं काटेकोर शिकवणारं तालुक्यात दुसरं कोणी नाही अशी माझी समजूत होती. पुस्तकातलं सूर्यमालेचं चित्र मला सहन व्हायचं नाही. सगळे ग्रह एका पानात, भांड्यांसारखे ओळीनं मांडलेले. मुलांना वाटायचं, ग्रह एकमेकांच्या शेजारीच राहतात. म्हणून मी आठ दिवस खपून अंतरं काढली होती. सायकलच्या चाकाला फडकं बांधलं आणि फेऱ्या मोजत शाळेपासून सरळ रस्त्यानं निघाले. पृथ्वी शाळेच्या फाटकात आली. गुरू मारुतीच्या पारापाशी, शनी गावाबाहेरच्या विहिरीवर, युरेनस कापसाच्या रानाजवळ, नेपच्यून ओढ्याच्या पुलावर. प्लुटो पडला दोन हजार नऊशे पन्नास मीटरवर, बरोबर फाट्यावर, जिथं आमचा कच्चा रस्ता डांबरी सडकेला मिळतो आणि बस थांबते.

हेडसरांना हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. खरबडे हेडसर वाईट माणूस नव्हते, फक्त घाबरट होते. आदल्या वर्षी शेजारच्या गावच्या सहलीत एक मूल तळ्यात बुडालं होतं आणि तिथले गुरुजी निलंबित झाले होते.

“बाई, तीन किलोमीटर पोरं पांगवणार तुम्ही,” ते म्हणाले. “एक जरी कमी भरलं तर?”

“माझ्या वर्गात कधी कमी भरलंय?”

“तसं लिहून द्या मग.”

मी नोंदवहीत लिहून दिलं. ‘इयत्ता सातवीच्या सर्व सत्तावीस विद्यार्थ्यांची संपूर्ण जबाबदारी माझी राहील.’ खाली ठसठशीत सही केली. सही करायला मी कधी डगमगत नसे, असं मला वाटायचं. सरांनी सहीखाली दोन बोटं जागा मोकळी ठेवायला सांगितली. “परत आल्यावर तिथं भरा.”

गावातलं निम्म्याहून जास्त माणूस दिवाळी झाली की ऊस तोडायला जायचं. कारखान्यावर एकटा माणूस चालत नाही, जोडपं लागतं. त्या जोडप्याला तिकडं एक कोयता म्हणतात. कोयत्याबरोबर लेकरंही जात, आणि सुटीनंतर माझा वर्ग रिकामा व्हायचा. म्हणूनच मी हा धडा सुटीच्या आधी ओढून घेतला होता. पट पूर्ण असताना मला तो शिकवायचा होता.

आता द्वारकाबद्दल सांगते.

द्वारका भानुदास, हजेरी क्रमांक सतरा. उंच, काटकुळी, तेरा वर्षांची. हात वर न करता प्रश्न विचारायची आणि मी रागावले की प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारायची. जुलैमध्ये मी वर्गात सांगितलं होतं की तालुक्याच्या गावी मुलींचं वसतिगृह आहे, तिथं राहून सातवीपासून पुढं शिकता येतं, आणि वर्षाच्या मध्येही घेतात. तिथला एक अर्ज आणून मी भिंतीवर टाचणीनं लावला होता. वर्ग सुटल्यावर ती मागं थांबली.

“बाई, तिथं कुनाला बी घेत्यात?”

“मार्क चांगले लागतात. आणि पालकांची सही.”

“सही न्हाई भेटली तर?”

“मग नाही घेत.”

ऑगस्टमध्ये तो अर्ज भिंतीवरून नाहीसा झाला. मी सगळ्या वर्गाला अर्धा तास उभं केलं. कुणीच कबूल झालं नाही.

शनिवारच्या दोन दिवस आधी मी त्यांना नेपच्यूनपर्यंत गेलेल्या यानाची गोष्ट सांगितली. हे यान तुमच्यातल्या बहुतेकांच्या जन्माआधी निघालंय. गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून ओलांडून पुढं गेलंय.

“परत कधी येनार?” द्वारकानं विचारलं.

“यान परत येत नाही. जातच राहतं.”

“आन ज्यांनी पाठिवलं त्यांना काय वाटत असंल?”

“ते तिकडून बातम्या पाठवतं. नेपच्यूनजवळून निघालेली बातमी पृथ्वीवर पोचायला चार तास लागतात.”

“म्हंजी हितं कळंस्तोवर ते लई पुढं गेलेलं असतंय.”

“असतं.”

“बाई, यान म्या होते.”

बाकीची पोरं पेरू आणि कांद्यासाठी भांडत होती, कारण धडा संपला की ग्रह खाऊन टाकायचे ठरले होते. यानाला खायला काहीच नव्हतं. मी तिचं नाव लिहून घेतलं. बसताना ती म्हणाली, “मग म्या परत कशी येऊ?”

“यान नाही परत येत, द्वारके. तू द्वारका म्हणून परत यायचं. शबानाला घेऊन.”

शनिवारी ती आली ती डोक्याला पत्रावळ बांधून. ती यानाची अँटेना. छानच सुचलं होतं तिला. पाठीवर दप्तर होतं, चांगलं फुगलेलं.

“दप्तर कशाला आज?”

“यंत्रं हायेत, बाई.”

मला ते उत्तर इतकं आवडलं की मी दुसऱ्या वर्गावरच्या बाईंना मुद्दाम जाऊन सांगितलं. दप्तर उघडून बघावं असं मनातसुद्धा आलं नाही.

धडा फार सुंदर झाला. हे मी आजही म्हणते. द्वारका पृथ्वीपासून निघाली. प्रत्येक ग्रहापाशी थांबे, ग्रह आपली माहिती घडाघडा म्हणे, ती वहीत टिपून घेई आणि पुढं जाई. यान गेलं की ग्रहानं शाळेकडं परत फिरायचं, असा नियम होता. शनी झालेल्या विठ्ठलनं कांद्याला आईची बांगडी अडकवून कडं केलं होतं. ज्यांना ग्रह मिळाले नव्हते ती चौदा पोरं मंगळ आणि गुरूच्या मध्ये लघुग्रह म्हणून सोडली होती, आणि लघुग्रहांना शोभेल असाच धिंगाणा त्यांनी घातला. मी सायकलवरून मागंपुढं करत होते. पत्रावळ बांधलेली ती उंच पोरगी लांब रस्त्यावर एकटीच चाललेली दिसत होती. दर वेळी मागं वळून बघताना सूर्याचं पिवळं डालगं तिला आणखी लहान दिसत असणार, या विचारानं मी खूष झाले होते. पुस्तकातल्या चित्रावर मी मात केली होती.

युरेनसपर्यंत मी तिच्याबरोबर गेले. तेवढ्यात मागून ओरडा आला. दोन लघुग्रह कुणाच्या तरी मळ्यात शिरून भुईमूग उपटत होते. “तू हो पुढं,” मी द्वारकाला म्हणाले, “प्लुटोला थांबा दोघी. मी आलेच.”

“व्हय, बाई,” ती म्हणाली. आणि मग, कधी नव्हे ते, वाकून माझ्या पाया पडली. मला वाटलं, ग्रहावरून निघताना करायची काहीतरी तिचीच गंमत आहे.

लघुग्रहांना बडवून, मळेवाल्याची समजूत घालून मी पुन्हा युरेनसपाशी आले तेव्हा दहा वाजून गेले होते. ओढ्याकडून तिघं जण येताना दिसले. नेपच्यूनची जोडी आणि त्यांच्या मागं रडत रडत शबाना.

“बाई, मपला प्लुटो पडला,” तिनं रिकामी मूठ उघडून दाखवली.

“पडू दे. द्वारका कुठाय?”

शबाना आणखी रडायला लागली.

“द्वारका कुठाय, शबाना?”

“पुढं गेली.”

“पुढं कुठं? पुढं काही नाही.”

“यान परत येत न्हाई म्हनली.” तिच्या दुसऱ्या मुठीत घडी केलेला कागद होता. “चार तासांनी द्यायचा म्हनली. अजून चार तास न्हाई झाले, बाई.”

मी कागद हिसकावून घेतला. पट्टीनं आखलेल्या ओळींवर सुवाच्य अक्षर होतं. ‘यान नीट चालले आहे. प्लुटो मागे पडला. आता पुढे कोणी नाही. काळजी नसावी. उत्तर पाठवले तरी पोचायला चार तास लागतील. आपली आज्ञाधारक, द्वारका.’

माझ्या डोक्यात पहिली गोष्ट कुठली आली ते मी लपवणार नाही. नोंदवहीतली माझी सही आली. शेजारच्या गावचे निलंबित गुरुजी आले. सत्तावीस उणे एक आलं. ती पोरगी आली ती त्यानंतर.

तिघांना शाळेकडं पिटाळून मी सायकल हाणली. फाट्यावर लिंबाच्या झाडाखाली, रस्त्याच्या कामातून उरलेल्या एका दगडावर ती बसली होती. दप्तर मांडीवर, पत्रावळ अजून डोक्याला बांधलेली. तिनं मला लांबूनच पाहिलं असणार. पण पळाली नाही.

“ऊठ,” मी म्हणाले.

“शबानानं आधीच दिलं व्हय,” ती म्हणाली. “तिला म्या धा येळा सांगितलं हुतं.”

“ऊठ म्हणते ना!”

“बाई, बस येतीय आता. साडेधाची. तुमी माघारी गेला की येईलच.”

“कुठं निघालीस तू? घरी माहितीय?”

तिनं नाही म्हणून मान हलवली. मग दप्तर उघडलं. आत एक परकर-पोलकं, फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी, सातवीची सगळी पुस्तकं आणि रबरानं बांधलेली सुटी नाणी. पुस्तकांच्या मधून तिनं एक कागद काढला. माझ्या भिंतीवरचा अर्ज. वरच्या कोपऱ्यात टाचणीचं भोक तसंच होतं.

“मारा पाहिजे तर. म्याच नेला हुता.”

तिनं तो पूर्ण भरला होता. नाव, जन्मतारीख, सहावीचे गुण, आवडता विषय. आवडत्या विषयासमोर ‘विज्ञान’ लिहून खाली रेघ मारली होती.

“तुळशीचं लगीन झालं की तिसऱ्या दिशी मपलं हाये,” ती म्हणाली. “आबानं जमिवलं. नवऱ्याला कोयता पुरा करायचाय. मंग लगीच टोळीसंगं जायाचं. सुटी झाल्यावर म्या न्हाई येनार वर्गात.”

“कोण आहे मुलगा?”

“मोठा हाये.” एवढंच म्हणाली.

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. कायद्याचं बोलले असणार, अठरा वर्षांचं. ती ऐकून घेत होती, पण डोळे सडकेच्या वळणावर होते.

“बाई,” ती मध्येच म्हणाली, “हितं बघा. हितं नुसतं पालक न्हाई लिवलेलं. पालक किंवा जबाबदार व्यक्ती असं लिवलंय.” तिनं बोट ठेवलं. “तुमी आज सकाळी लिहून दिलं न्हवं, जबाबदारी तुमची म्हनून? म्या वाचलं, हेडसरांच्या टेबलावर. मंग हितं बी करा की सही.”

माझ्या ब्लाउजला पेन अडकवलेलं होतं. ते तिला दिसत होतं.

“ते वेगळं असतं,” मी म्हणाले.

“कसं येगळं?”

वर्गात माझ्यावर अशी वेळ कधी आली नव्हती. वळणावर बस दिसायला लागली. आपण पटकन बोललो नाही तर ही पोरगी चढेल, आणि मग मी एकटी शाळेत जाऊन काय सांगू, एवढंच मला सुचत होतं.

“हे बघ द्वारके, तू आत्ता माझ्याबरोबर चल. मी तुझ्या आबांशी बोलते. हे लग्न मी होऊ देणार नाही. सुटीनंतर मी स्वतः तुला वसतिगृहात पोचवीन. रीतसर.”

“खरंच?”

“शब्द देते.”

बस येऊन थांबली. कंडक्टरनं दार उघडलं. बाहेर काटकुळी पोरगी, डोक्याला पत्रावळ, आणि शेजारी सायकल धरलेल्या बाई. त्याला हसू आलं.

“बसायचंय का, मास्तरीणबाई?”

द्वारका माझ्याकडं बघत होती. चढली असती तर मी काय तिला ओढलं असतं? ती चढली नाही. माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

“नाही,” मी म्हणाले. “जाऊ द्या.”

दार लागलं. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघी तिथंच उभ्या होतो. मग तिनं पत्रावळ सोडली, नीट घडी घालून दगडावर ठेवली आणि सायकलच्या कॅरियरवर येऊन बसली. तीन किलोमीटर मीच बोलत होते. गुरूला किती चंद्र आहेत, असलं काहीतरी सांगत होते.

शाळेत मी पुन्हा डोकी मोजली. सत्तावीस भरली. पेरू केव्हाच संपला होता. हेडसरांनी नोंदवही पुढं केली आणि मी मोकळ्या ठेवलेल्या जागेत लिहिलं, ‘सर्व सत्तावीस विद्यार्थी सुखरूप परत.’ सरांनी सुटकेचा श्वास टाकला. मीही टाकला, खोटं कशाला बोलू.

मग मी त्यांना लग्नाचं सांगितलं.

“कायदा मला माहीत आहे, बाई,” ते म्हणाले. “पण गावही माहीत आहे. एक तक्रार केली तर पुढच्या वर्षी पंधरा मुली शाळेत घालणार नाहीत. तुम्ही बदलून जाल. मी इथलाच आहे.”

दुपारी मी द्वारकाच्या आबांच्या, भानुदासच्या घरी गेले. बारका, शांत माणूस. मला पाट दिला, पाणी दिलं. द्वारका आत चुलीपाशी होती. फाट्यावरचं मी काढलं नाही, तेवढं एक बरं केलं. मी माझं सगळं व्याख्यान दिलं. त्यानं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

“तुमचं समदं खरं हाये, बाई,” तो शेवटी म्हणाला. “पोरगी हुशार हाये, मला कळत न्हाई व्हय? पर आमी दोघं सा महिनं उसात. तिकडं नेली तर पाल टाकून उघड्यावर ऱ्हायाचं, मानसं कसली कसली असत्यात. हितं ठिवली तर कुनाच्या भरवशावर ठिवू? म्हातारी बी ऱ्हायली न्हाई.” मग अगदी सरळपणे, टोमणा नाही, काही नाही, त्यानं विचारलं, “तुमी सांभाळता का सा महिनं? तुमच्याजवळ ठिवा, म्या आत्ता सोयरिक मोडतो.”

गावात माझ्या दोन खोल्या होत्या. राहणारी मी एकटी. नवरा नांदेडला नोकरीला, शनिवारी मी जायचे, सोमवारी यायचे. आतून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला.

मी म्हणाले, “दिवाळीनंतर बघू. घरी विचारून सांगते.”

भानुदासनं मान डोलावली. त्याला उत्तर मिळालं होतं. चुलीपाशीही मिळालं असणार, कारण भांडी पुन्हा वाजायला लागली.

नांदेडला मी विषय काढला नाही. काढला असता तर नवरा कदाचित नाही म्हणाला नसता. मला फराळाचं करायचं होतं, पाहुणे होते, सुटी तशीच निघून गेली. सुटी संपवून आले तेव्हा भानुदासच्या घराला कुलूप होतं. हजेरी क्रमांक सतरापुढं मी महिनाभर गैरहजर लिहिलं, मग हेडसरांनी नाव कमी करायला सांगितलं.

ती मला एकदाच भेटली, चैत्रात, टोळ्या परतल्यावर ती माहेरी आली तेव्हा. शाळेच्या हापशावर पाणी भरायला आली होती. साडी नेसलेली, आणखी वाळलेली, दोन्ही हातांवर उसाच्या पाचटानं कापल्याच्या रेघाच रेघा. मधली सुटी होती. मी जवळ गेले.

“कशी आहेस?”

“बरी हाये.” ती हापसत राहिली. मग विचारलं, “बाई, ते यान कुठवर गेलं असंल आता?”

मी आकडा सांगितला. मला पाठच होता. तिनं तो तोंडातल्या तोंडात पुन्हा म्हटला.

“मी आले होते गं तुझ्याकडं,” मी म्हणाले. “बोलले होते आबांशी.”

“व्हय. म्या आतच हुते.” घागर भरली. तिनं ती उचलून कमरेवर घेतली. “बाई, तवा तुमी धाच मिंटं उशिरा आला असता तर.”

रागानं म्हणाली असती तर मला सोसलं असतं. ती हिशेब चुकलेल्या मुलाला दाखवतात तशी चूक दाखवून निघून गेली.

दुसऱ्या हंगामात ती गेली. भानुदासनंच सांगितलं. धाकट्या मुलाचं नाव पहिलीत घालायला तो शाळेत आला होता. बाळंतपणाला टोळीवरच अडली. दवाखान्यात नेताना बैलगाडीतच गेली. मूलही गेलं.

“दवाखाना किती लांब होता?” मी विचारलं. मोजण्यापलीकडं मला काही येत नव्हतं.

“असंल धा-बारा किलोमीटर,” तो म्हणाला. त्यानं मुलाचा हात घट्ट धरला होता. पंधरा वर्षांची झाली नव्हती ती.

त्यानंतर अठ्ठावीस वर्षं मी सूर्यमाला शिकवली. डालगं पुन्हा काढलं नाही. सूर्य केला लिंबाएवढा, आणि प्लुटो शाळेच्या भिंतीच्या आत बसेल असं माप घेतलं. पृथ्वी कशी दाखवायची याची पंचाईत व्हायची, त्या मापात ती डोळ्यांना दिसतच नाही. ग्रह मात्र सगळे कुंपणात राहिले. माझं माप चुकतंय, लिंबाच्या सूर्याला एवढी जागा पुरत नाही, हे एका चुणचुणीत मुलीनं एकदा दाखवून दिलं होतं. मी तिला खाली बसवलं. यान परत येतं का, असं कुणी विचारलं तर मी पुढचं पान उघडायला सांगत असे.

निवृत्त व्हायच्या आधी, योगायोगानं, त्याच शाळेत माझी शेवटची दोन वर्षं आली. शेवटच्या आठवड्यात नवे हेडसर जुनी दप्तरं निकालात काढत होते. “बाई, तुमचं अक्षर काय सुंदर होतं हो,” म्हणत त्यांनी एक नोंदवही माझ्यापुढं सरकवली. कडा उंदरांनी खाल्ल्या होत्या, ते पान मात्र शाबूत होतं. सर्व सत्तावीस विद्यार्थी सुखरूप परत. खाली माझी सही. शाई जराही फिकी झालेली नाही.